येळवशीला आलेली समिती

चूक तारामतीचीच होती, आणि दोन दिवस तिनं ती घरात कुणालाच सांगितली नव्हती.

सोयाबीनच्या राशीवर उभी असताना तिला नांदेडहून फोन आला होता. विद्यापीठाच्या ऑफिसातला हरिओम नावाचा कारकून बोलत होता. सामुदायिक महाविद्यालयासाठी समितीला कवठाळवाडी बघायचीय, एकोणीस डिसेंबर, शुक्रवार, चालेल का? मळणीयंत्राच्या गोंगाटात एका कानावर हात दाबून तारामतीनं डोक्यात मांडणी केली. तोवर सोयाबीन घरात आलेलं असेल, तूर उभी असेल, लगीनसराईचा जोर नसेल. पोरी मोकळ्या. "चालतंय साहेब, या," ती म्हणाली. पिकांचं तिनं सगळं बिनचूक धरलं, अमावास्या तेवढी राहिली. एकोणीस डिसेंबरला येळवस होती.

ज्यानं लातूरकडची येळवस पाहिली नाही त्याला ही चूक केवढी ते कळायचं नाही. त्या दिवशी गाव गावात नसतं. म्हातारी, तान्ही, सोयरेधायरे, झाडून सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, पावटा-तुरीच्या दाण्यांची भज्जी, आंबील, धपाटे खायचे आणि अंधार पडल्यावरच घरी यायचं. दुकानाला कुलूप, शाळेला सुट्टी, पारावर चिटपाखरू नाही. समितीला चाळीस उमेदवार समोरासमोर बघायचे होते, आणि तारामतीनं त्यांना वर्षातला नेमका तो दिवस काढून दिला होता.

बुधवारी संध्याकाळी थोरली जाऊ सुकन्या पावट्याच्या शेंगांचा ढीग समोर ओतून "परवाच्या भज्जीला एवढं पुरंल का गं?" म्हणाली, तेव्हा तारामतीला अमावास्या आठवली. शेंगा तशाच टाकून ती बाहेर गेली आणि हरिओमला फोन लावला. तो किनवटकडचा, त्याच्या गावाकडं येळवस नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, समितीच्या मॅडम पुण्याहून निघून राहिल्या आज. ह्या साली ह्या भागात एकच केंद्र द्यायचंय. तुमचं बघून आम्ही लगेच बिलोली तालुक्यात जाणार. ही तारीख गेली तर पुढच्या साली बघू."

पुढच्या साली! पुढच्या साली तिची लेक शिल्पा कुणाच्या तरी चुलीपुढं बसलेली असणार होती. दिवाळीत शिल्पाच्या लग्नावरून घरात भांडण झालं, तेव्हा सासऱ्यांनी, भुजंगआबांनी, निकाल दिला होता तो असा: गावात कॉलेज आलं तर पोरगी शिकेल, नाही आलं तर थोरल्या दिरानं, वैजनाथनं, आणलेलं उदगीरचं स्थळ पक्कं. बारावी झालेल्या पोरीला रोज चाकूरला धाडायला आबा तयार नव्हते. चाकूर चौदा किलोमीटर. कॉलेज सकाळी आठला, पहिली एसटी साडेनऊला, आणि परतीची गाडी आली तर आली. गेल्या पाच वर्षांत बारावीनंतर गावातल्या तीनच पोरी पुढं शिकल्या, आणि त्या तिघींचे मामा लातुरात राहत होते. शिल्पाचा मामा शेतकरी होता.

उदगीरचे पाहुणे सोमवारी बोलणी करायला यायचे होते.

गुरुवारी तारामतीनं घरोघर जाऊन सांगितलं, "पूजा झाली की अकराला सोसायटीच्या गोदामापाशी या गं, समिती येतीय." पोरी "हाव काकू" म्हणाल्या. त्यांच्या आया नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ तिला चांगला कळला होता, पण न कळल्यासारखं करून ती पुढच्या दारात गेली.

शुक्रवारी सव्वाअकराला आबा कोपीत पूजेला बसलेले असताना तिच्या कमरेचा मोबाईल वाजला. सरजाबाईचा फोन होता. सरजाबाई म्हणजे खालच्या वस्तीतल्या लिंबाजीची बायको, तारामतीच्या बचत गटातली. कॉलेजच्या यादीसाठी दोघी दोन महिने दारोदार फिरल्या होत्या. वस्तीनं छप्पन्न साली बाबासाहेबांच्या मागं दीक्षा घेतली, तेव्हापासून तिथं येळवस नाही. आज गावात माणसं होती ती तेवढीच.

"ताराबाई, गाडी आली," सरजाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "एक मॅडम हायत, एक साहेब. आमच्या चौदा पोरी उभ्या हायत गोदामापाशी. वरल्या गावातली एक न्हाई. आन् गोदाम पोत्यांनी भरलंय. मॅडमनी ते बी लिवून घेतलं."

पोती वैजनाथची होती. सोसायटीचं जुनं गोदाम कॉलेजला द्यायचा ठराव होऊन महिना झाला, आणि वैजनाथ महिनाभर "येळवस झाली की काढतो" म्हणत होता.

"मॅडमला फोन दे," तारामती कोपीपासून लांब जात म्हणाली.

"नमस्कार, मी प्रियदर्शनी बोलतेय," पलीकडून आवाज आला. आवाज रागीट नव्हता, दमलेला होता. "यादीत तुम्ही त्रेचाळीस नावं दिलीत. इथं चौदा जणी आहेत. आम्हाला दोनला निघायचंय. चाळीसपेक्षा कमी असतील तर मला शिफारस करता येणार नाही, आणि खोटा आकडा मी लिहिणार नाही."

"खोटं लिवूच नका मॅडम. तुम्ही शेतात या."

"शेतात?"

"आज माणसं शेतात हायत. तारीख मी दिली, चूक माझी हाय. सरजाबाईची लुंबिनी वाट दाखवंल. आन् त्या चौदा पोरींना, त्यांच्या आयांना, समद्यांना संगं घेऊन या. जेवायला."

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, की भुजंगआबांच्या येळवशीचं जेवण आपण आबांना न विचारता निम्म्या वस्तीला सांगून बसलो. पण शब्द गेला होता आणि तो माघारी घ्यायची तिची इच्छाही नव्हती.

पूजा आटोपून आबा बाहेर आले. आता आंबिलीचं भांडं घेऊन शेताला फेरी घालायची, "ओलगे ओलगे" करत पिकावर आंबील शिंपडायची. वैजनाथनं भांडं उचललंसुद्धा.

"मामा, जरा थांबा," तारामती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "एक सांगायचंय."

तिनं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. वैजनाथ आधी ऐकत राहिला आणि मग मोठ्यानं हसला.

"येळवशीला समिती! अगं, गल्लीतल्या बाया तुला इचारून उपास धरतेत, आन् तुझ्या ध्यानात अमावस्या ऱ्हायली न्हाई?"

"न्हाई ऱ्हायली. चुकले मी."

"मग झालं तर. आता गप येळवस कर. सोमवारी पाहुणे येतेत, त्यांचं बघू."

"अजून दोन वाजले न्हाईत भाऊजी."

कोपीच्या मागं सुदर्शन, तारामतीचा नवरा, कडब्याच्या पेंढीला उगाच दोरी आवळत उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं दोरीकडं पाहिलं. सुदर्शन थोरल्या भावापुढं बोलत नसे. लग्नाला बावीस वर्षं झाली, वैजनाथच्या बोलण्यावर त्यानं नुसतं 'पण' म्हटलेलंही तिनं ऐकलं नव्हतं. पहिली दहा वर्षं तिला त्याचा राग यायचा. नंतर रागाचीसुद्धा सवय मोडली.

ती पुन्हा आबांकडं वळली. "मामा, माझ्या सांगण्यानं आज कुणी शेत सोडून गावात जाणार न्हाई. पर तुम्ही बोलावलं तर आपल्या शेतात येतील. येळवशीचं बोलावणं कुणी मोडत न्हाई. शिल्पा सोडून वरल्या गावातल्या अठ्ठावीस पोरींची घरं हायत यादीत. त्यांच्या म्हाताऱ्यांना तुम्ही फोन करा."

हे ती खरं बोलत होती. जेवायला बोलावलं आणि गेला नाही, असा माणूस येळवशीला सापडायचा नाही. शेजारच्या भीमाशंकरशी आबांची बांधावरून अकरा वर्षं कोर्टात केस चालू होती. गेल्या येळवशीला तो आबांच्या कोपीवर पोटभर भज्जी खाऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तारखेला वकील घेऊन हजर झाला.

आबांनी डोक्यावरच्या फेट्याचं टोक सारखं केलं. "आन् वस्तीतली माणसं?"

"ती वाटंत हायत."

वैजनाथनं भांडं खाली ठेवलं. मग तो म्हणाला, "आली तर येऊ द्या. त्यांना तिकडं लिंबाखाली बसवू. पहिलं तसंच असायचं."

"मग मी त्यांना वाटंतूनच माघारी लावते," तारामती म्हणाली. "तिकडं बसायला सरजाबाई येणार न्हाई, आन् तसं बोलवायला माझं बी तोंड होणार न्हाई. पंगत एक असंल तरच बोलावणं, न्हाईतर समितीला सांगते, आमच्या गावाला कॉलेज नको."

"लई बोलतीस तू!" वैजनाथचा आवाज चढला.

"थांब," आबा त्याला म्हणाले. ते बांधाकडं बघत होते. "लिंबाजीचा बाप माझ्या बापाच्या येळवशीला यायचा. त्या बांधाच्या पल्याड बसून आंबील प्यायचा. मग छप्पन्न सालानंतर आला न्हाई. बापानं दोनदा निरोप धाडला. तवा तो स्वतः आला आन् म्हणाला, पाटील, तुमच्या शेजारी बसवीत असाल तर जेवतो. मी होतो हितं, नऊ-धा वर्साचा. माझा बाप काईच बोलला न्हाई. तो उगी थोडा येळ उभा ऱ्हायला आन् गेला." आबा माघारी वळले. "वैजनाथ, घोंगड्या हायत तेवढ्या आण. एकाला एक लावून हांतर."

"आबा, पर..."

"दोन पंगती मांडायला जागा कुठं हाय? हरभरा तुडवतोस का?"

वैजनाथनं शेवटची आडकाठी घालून पाहिली. "भज्जी वीस माणसांची हाय. ऐंशी जण आल्यावर वाढणार काय?"

"पुरंल," सुकन्या म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी जात नसे, आणि दिवाळीच्या भांडणातही तिनं त्याचीच री ओढली होती. "येणारे बी रिकाम्या हातानं येत न्हाईत. मी बघते काय करायचं ते."

"तू मधी पडू नगंस."

"पडते," ती म्हणाली. "आपल्या लेकीला अठराव्या वर्सी निलंग्याला दिली. तवा कुणी तिला इचारलं? मी बी न्हाई इचारलं. आता फोन करती तर स्वतःचं काई सांगत न्हाई. नुसतं म्हणती, आई, शिल्पीचं कॉलेज आलं का?"

एवढं बोलून ती चुलीकडं गेली आणि पातेल्यात ताक ओतू लागली. तारामतीला त्या क्षणी तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण घड्याळात पावणेबारा वाजत होते.

शिल्पानं यादी काढली. ती नंबर लावायची आणि फोन आबांच्या कानाला धरायची. आबा फोनवर नेहमीच असं बोलत, की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं.

"गुरुलिंग, भुजंग बोलतोय. नातीला घेऊन जेवायला ये. आत्ता. तुमचं झालं असंल जेवण तर परत जेव."

"ईश्वरप्पा, सुनंला धाड. तिचं नाव हाय. लेकराला बी आण म्हणावं."

भीमाशंकरचा नंबर लागला तेव्हा आबा क्षणभर थांबले. "भीमाशंकर, जेवायला ये. पोरीला आण. कशाला म्हंजी? जेवायला, आन् सही करायला. आरं कोर्टाच्या कागदावर न्हाई, कॉलेजच्या! तुझ्यावर कोण भरोसा ठेवतंय?"

शिल्पा हसली. दोन दिवसांत तारामतीनं तिला हसताना पाहिलं नव्हतं.

साडेबाराला वस्तीची माणसं पायवाटेनं आली. पुढं लुंबिनी, तिच्यामागं चपला हातात घेतलेल्या प्रियदर्शनी मॅडम, मग खांद्याला बॅग लावलेला हरिओम, आणि त्यांच्यामागं पोरी. सरजाबाई बांधापाशी येऊन उभी राहिली. तिथून पुढं तिनं पाऊल टाकलं नाही. तारामती पुढं निघाली, पण आबा तिच्या आधी निघाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस काठी टेकत बांधापर्यंत गेला.

"लिंबाजी कुठं हाय?"

"मागून येऊन ऱ्हायलेत. तुम्ही खरंच बोलावलं का, म्हणत होते."

"बोलावलंय. माझ्या शेजारी बस म्हणावं," आबा म्हणाले, आणि ती बांध ओलांडून आत येईपर्यंत तिथंच उभे राहिले.

मग चारी अंगांनी माणसं यायला लागली. हरभऱ्याच्या सऱ्यांतून, तुरीच्या आडून, कुणी मोटरसायकलवर, कुणी भीमाशंकरच्या ट्रॉलीत. प्रत्येकीच्या हातात काही ना काही होतं. कुणी धपाटे फडक्यात बांधून आणले, कुणी भज्जीचं पातेलंच उचलून आणलं. सुकन्यानं सगळ्या भज्ज्या एका घमेल्यात ओतल्या आणि "आता कुणाची कुणी खाल्ली ते कुणाला कळणार न्हाई," म्हणाली.

मॅडमना आधी कागद करायचे होते. आबा म्हणाले, आधी जेवण. मॅडमनी घड्याळ दाखवलं. आबांनी पत्रावळ दाखवली. शेवटी असं ठरलं, की मॅडम जेवता जेवता विचारतील आणि हरिओम लिहील. हरिओमनं आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि लिहायचं विसरून पेला पुन्हा पुढं केला. आपल्या गावाकडं ही येळवस का नाही, हे तो दुपारभर विचारत राहिला.

मॅडमचे प्रश्न सोपे होते, पण उत्तरं त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. नाव काय, शिक्षण कधी सुटलं, कोणता अभ्यासक्रम पाहिजे, वर्ग किती वाजता असावेत. लुंबिनीला रुग्णसेवेचा पाहिजे होता. ईश्वरप्पाची सून कडेवर लेकरू घेऊन म्हणाली, "मला हिशेब लिहायचा शिकायचाय. वर्ग दुपारी बारा ते तीन ठेवा, तवा हे झोपतं." मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. शेवटी त्यांनी पत्रावळ बाजूला सारली.

"मुली आहेत, हे दिसतंय. पण इमारत? गोदामात पोती आहेत. ताबा नसेल तर शिफारशीत मला तसं लिहावं लागेल."

अख्ख्या पंगतीनं वैजनाथकडं पाहिलं. तो वाढायला उभा होता, हातात धपाट्यांची चळत.

"माझा ट्रॅक्टर मोकळा हाय उद्या," भीमाशंकर तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "भाडं बी घेणार न्हाई." त्याला ह्या कामात फारच आनंद होत होता.

"काढतो की," वैजनाथ म्हणाला. चारचौघांत दुसरं काय म्हणणार? "मी कुठं न्हाई म्हणलं? उद्या सांजपर्यंत मोकळं करून देतो. लिहा." आणि त्यानं कागदावर सही केली. पण सही करून मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा तारामतीला दिसला, आणि हा माणूस ह्याची भरपाई कुठंतरी करून घेणार, हे तिनं ओळखलं.

दीड वाजता हरिओमनं सह्या मोजल्या. एक्केचाळीस. दोन वेळा मोजल्या, तेवढ्याच भरल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या, सरजाबाईनं तारामतीचा दंड गच्च धरला.

"यादीतल्या दोन राहिल्या," हरिओम म्हणाला. "एक तर मावशीकडं गेलीय म्हणतात. दुसरी, शिल्पा."

शिल्पा पाणी वाढत होती, ती तांब्या खाली ठेवून आली.

"तिचं ऱ्हाऊ द्या साहेब," वैजनाथ म्हणाला. "तुमचे चाळीस झाले ना? तिचं अजून ठरायचंय."

"ठरलंय," तारामती म्हणाली. "मामांचा शब्द हाय."

"हाय की. कॉलेज आलं तर, असा शब्द हाय." तो मॅडमकडं वळला, आणि त्याचा आवाज अगदी गोड झाला. "मॅडम, आलं का कॉलेज?"

प्रियदर्शनी मॅडमनी एकदा त्याच्याकडं, एकदा शिल्पाकडं पाहिलं. त्यांना काय चाललंय ते कळलं असावं, पण खोटं बोलणारी बाई नव्हती ती. "आज मी तसं सांगू शकत नाही. शिफारस करीन, मनापासून करीन. पण मंजुरी मुंबईहून यायची. मे, कदाचित जून."

"ऐकलं आबा? जून. पाहुणे सोमवारी येतेत."

 शब्द आबांनीच दिला होता आणि तो तसाच होता, हे त्यांना टाळता येईना.  एक्केचाळीस पोरींचं काम झालं होतं. समितीचं भागलं होतं. शिल्पाच्या सहीवाचून आता कॉलेजचं काही अडत नव्हतं, गावाचं काही अडत नव्हतं. दारोदार फिरून, चप्पल झिजवून तिनं दुसऱ्यांच्या लेकींना वाट करून दिली आणि स्वतःची लेक वाटेच्या बाहेर राहत होती. तिला इतका संताप आला, की सासरे, थोरले, पाहुणे, कुणाचीही भीड राहिली नाही. ती बोलायला उठली.

"पाहुणे येत न्हाईत."

हे ती बोलली नव्हती. कोपीच्या कडेला पाण्याची घागर घेऊन उभा असलेला सुदर्शन बोलला होता.

"काय म्हणलास?" वैजनाथनं विचारलं.

"मी फोन केला त्यांना. येऊ नका म्हणून सांगितलं."

"कवा?"

"मघाशी. आबा भीमाशंकरला बोलत होते तवा. कोपीच्या मागं."

"कुणाला इचारून?"

सुदर्शननं घागर खाली ठेवली.  "कुणाला न्हाई. दादा, तुमचा मान मी आजवर ठेवला, उद्या बी ठेवीन. पर पोरगी माझी हाय. कॉलेज जूनला आलं तर बरंच हाय. न्हाई आलं तर चाकूरला मी सोडीन तिला गाडीवर. आठला वर्ग असतोय ना, सातला निघू. आन् परत आणायला बी मीच जाईन."

"आन् शेत कोण बघणार?"

"जाऊन येऊन बघीन."

वैजनाथनं वडिलांकडं पाहिलं. आबांनी शेजारच्या लिंबाजीच्या पत्रावळीवर एक धपाटा ठेवला, एक स्वतःच्या, आणि मग म्हणाले, "वैजनाथ, समद्यांना वाढून दमलास. आता बस. जेव." सुकन्यानं नवऱ्याच्या हातातली धपाट्यांची चळत काढून घेतली. तो पंगतीच्या टोकाला जागा होती तिथं बसला.

 बावीस वर्षं जे ऐकायची वाट बघून तारामतीनं सोडून दिलं होतं ते तिनं आत्ता भर पंगतीत ऐकलं होतं, आणि रडू येत होतं, आणि ऐंशी-नव्वद माणसं बघत होती.

शिल्पानं सही केली. अक्षर वाकडं आलं, तिनं ते पुन्हा गिरवलं.

"पालक कोण?" हरिओमनं विचारलं. "इथं पालकाची सही लागते."

घरातल्या प्रत्येक कागदावर, बँकेच्या, शाळेच्या, सोसायटीच्या, आजवर सही वैजनाथची असायची. शिल्पाच्या बारावीच्या फॉर्मवरही त्याचीच होती. हरिओमनं पेन कुणापुढं धरावं ते न कळून मधेच धरलं. सुदर्शननं ते घेतलं, "कुठं?" म्हणून विचारलं, आणि दाखवलेल्या जागी सावकाश सही केली. मग पेन परत न देता त्यानं ते तारामतीपुढं धरलं.

"आईची बी घ्या."

"एकाची पुरते भाऊ," हरिओम म्हणाला. "रकाना एकच आहे."

"असू द्या. घ्या," सुदर्शन म्हणाला.

तारामतीनं पदराला हात पुसले, आणि त्याच्या सहीखाली उरलेल्या जागेत आपलं पूर्ण नाव लिहिलं.